मॅजिक अरीना, आठ महिन्यांनंतर: डेकांची विविधता नक्की कुठे आहे

'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ ऑनलाइन खेळायचं अरीना उघडलं की फॉरमॅटची (कोणती कार्डं चालतील ते ठरवणाऱ्या खेळप्रकारांची) भलीमोठी रांग दिसते: स्टँडर्ड, अल्केमी, पायोनियर, हिस्टोरिक, टाइमलेस, ब्रॉल. कार्डांचा साठा जितका मोठा तितके डेक (खेळाडूने निवडलेले कार्डांचे गठ्ठे) जास्त, असं कुणालाही वाटेल. आठ महिन्यांच्या वापरानंतर मत वेगळं झालं. समोर किती तऱ्हेचे डेक येणार हे फॉरमॅटच्या नावापेक्षा तुम्ही बेस्ट ऑफ वन (एकाच डावात निकाल) खेळताय की बेस्ट ऑफ थ्री (तीनपैकी दोन डाव जिंकायचे), यावर जास्त ठरतं.

कारण पहिल्या हातापासूनच सुरू होतं. बेस्ट ऑफ वनमध्ये अरीना पडद्याआड एकाहून जास्त हात (पहिल्या सात कार्डांचे संच) काढतं आणि डेकमधल्या लँडच्या (मॅना, म्हणजे कार्डं खेळायची ऊर्जा, देणाऱ्या कार्डांच्या) प्रमाणाशी जुळणारा हात देण्याकडे झुकतं. बेस्ट ऑफ थ्रीत ही सवलत नाही, जे निघेल ते. ६० कार्डांत २० लँड असतील तर साध्या वाटपात पहिल्या सातांत शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता जवळपास २५ टक्के असते; २४ लँड असतील तर १४ टक्के. २० लँडवर चालणारा लाल अ‍ॅग्रो (लाल रंगाचा, झटपट हल्ला करणारा डेक) हा एरवी जुगारच. बेस्ट ऑफ वनमध्ये त्या जुगारातली हार बरीचशी काढून घेतलेली असते आणि फायदा तेवढा शिल्लक राहतो: लँड कमी, म्हणून पुढच्या ड्रॉला कामाचं कार्ड येण्याची शक्यता जास्त. रमीत वाईट पानं आली तर ड्रॉप घेऊन निदान गुण तरी मोजावे लागतात! सामन्यांच्या रांगेत लालच लाल का दिसतं, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. हाच डेक उचलून बेस्ट ऑफ थ्रीत नेला की रडायला लागतो. एक-दोन लँड वाढवा, चार मॅनाची कार्डं कमी करा, मगच न्या.

उरलेलं अर्धं उत्तर साइडबोर्डमध्ये, म्हणजे बेस्ट ऑफ थ्रीत दोन डावांच्या मध्ये डेकमध्ये आणता येणाऱ्या राखीव कार्डांत. पायोनियरमधला ग्रीसफँग या कार्डाचा डेक घ्या. आधीच्या टर्नमध्ये (पाळीत) पारहेलियन टू हे आठ मॅनाचं वाहन ग्रेव्हयार्डमध्ये (बाद कार्डांच्या ढिगात) टाकायचं, तिसऱ्या टर्नला ग्रीसफँग उतरवायची. लढाईच्या सुरुवातीला ती ते वाहन परत आणते, त्याला हेस्ट (उतरताच हल्ला करायची मुभा) देते आणि स्वतःच्या चार पॉवरवर चालवतेही. हल्ल्याला वाहनाचे ५ आणि सोबत उतरलेल्या दोन एंजल्सचे ४-४. २० पैकी १३ लाइफ तिसऱ्या टर्नला साफ. नवखा खेळाडू इथे फेटल पुश हे मारक कार्ड धरून बसतो आणि फसतो, कारण ग्रीसफँग तीन मॅनाची आहे आणि रिव्होल्ट (त्या टर्नला तुमचं एखादं कार्ड मैदानातून गेलेलं असणं) नसेल तर पुश दोन मॅनापर्यंतच पोचतो. शिवाय वाहन आणायची तिची क्षमता ट्रिगर (सुरू) झाल्यावर तिला मारलं तरी वाहन परत येतंच. मात्र ते चालवायला कुणी उरत नाही, म्हणून मारायची तर निदान त्या क्षणी तरी मारा.

बेस्ट ऑफ वनमध्ये याला नेमकं उत्तर मुख्य डेकमध्ये ठेवणं कुणाला परवडत नाही. बेस्ट ऑफ थ्रीत दुसऱ्या डावाला दोन मॅनाचं रेस्ट इन पीस आत येतं आणि सगळं ग्रेव्हयार्ड पुसलं जातं. पण तेही रामबाण नव्हे. तीन प्रती घातल्या आणि पहिली चाल तुमची असली, तर दुसऱ्या टर्नपर्यंत त्यातली एक दिसण्याची शक्यता साधारण ३५ टक्के, चार घातल्या तर ४४. म्हणून तीन रेस्ट इन पीस आणि दोन स्वस्त रिमूव्हल (समोरचं कार्ड हटवणारी कार्डं) अशी मिसळ जास्त टिकते. एवढी ओढाताण आहे म्हणूनच तिथे फीनिक्स, राक्डोस मिडरेंज, अझोरियस कंट्रोल असे एकमेकांशी काही साम्य नसलेले डेक खेळण्याजोगे राहतात.

आता खर्च, कारण विविधतेचा गळा खरा तिथे आवळला जातो. दुरंगी डेकला ८ ते १२ रेअर (दुर्मिळ) लँड लागतात आणि वाइल्डकार्डच्या (बदल्यात हवं ते कार्ड घेता येणाऱ्या कार्डाच्या) चक्रात सहा पॅक उघडल्यावर एक रेअर वाइल्डकार्ड मिळतं, दर पाचव्या वेळी मात्र त्याऐवजी त्याहून दुर्मिळ मिथिक. नुसत्या त्या हिशेबाने १२ लँड म्हणजे ८४ पॅक, १००० गोल्डच्या (खेळातल्या चलनाच्या) भावाने ८४,०००. पॅकमधून थेट निघणारी वाइल्डकार्डं आणि दुकानातून घेतलेल्या दर दहा पॅकमागे मिळणारा गोल्डन पॅक धरले तर आकडा बराच खाली येतो, तरी एकरंगी डेकला हा भुर्दंडच नाही. लाल रांगेचं हेही एक कारण. त्यामुळे पहिली रेअर वाइल्डकार्डं शॉकलँडवर (दोन रंगांचा मॅना देणाऱ्या रेअर लँडवर) घाला. त्या पायोनियर, हिस्टोरिक, टाइमलेस तिन्हीकडे चालतात आणि २०२५ मध्ये एज ऑफ एटर्निटीज हा संच आल्यावर त्यातल्या पाच स्टँडर्डमध्येही आल्या. क्वेस्ट (गोल्ड देणारं रोजचं काम) ५०० चा आला की दिवसातून एकदा बदलता येतो, ७५० चा मिळायची आशा असते. तीन क्वेस्ट साठतात, म्हणून रोज बसायची गरज नाही.

स्टँडर्डबद्दल मत अजून डळमळीत आहे. २०२५ च्या जूनअखेर एकदम सात कार्डांवर बंदी आली, मॉन्स्ट्रस रेज आणि कोरी-स्टील कटर त्यातलीच. नोव्हेंबरात व्हीव्ही ऑर्निटियरसह आणखी तीन गेली. बंदी आलेल्या कार्डांची वाइल्डकार्डं परत मिळतात, पण त्यांच्याभोवती गोळा केलेल्या बाकीच्या कार्डांची मिळत नाहीत. डेक बसतो तो त्यामुळे. अल्केमीत तर कार्डाची ताकद कमी केली तरी भरपाई नाही, म्हणून तिथे वाइल्डकार्ड घालवू नये हे बरं.

टाइमलेसमध्ये बंदी यादी नाही, मोजक्या कार्डांना एकाच प्रतीची मर्यादा आहे. डार्क रिच्युअल या जादा मॅना देणाऱ्या कार्डावरून पहिल्याच टर्नला नेक्रोपोटेन्स पाहायची हौस असेल तर जा.

ब्रॉल मात्र हलक्यात घेतलं जातं, तसं घेऊ नये. १०० कार्डं, प्रत्येकाची एकच प्रत, २५ लाइफ, समोर एकच खेळाडू. जोडी लावताना कमांडरचं (डेकच्या मुख्य कार्डाचं) वजन धरलं जातं, त्यामुळे गाजलेला कमांडर घेतला की समोर तेच ते चार-पाच येतात. त्याच रंगांचा, कुणी न वापरणारा कमांडर लावा, ९९ कार्डं तीच ठेवा; समोरचे डेक लगेच बदललेले दिसतात.