रेकॉर्डरच्या पाठीमागचे पोर्ट की वेगळा पीओई स्विच?

कॅमेरे किती, कुठे आणि कोणत्या कंपनीचे हे ठरलं, की कॅमेरेवाला शेवटी एक प्रश्न टाकतो आणि बहुतेक जण तिथे अडतात. "पीओई पोर्टवाला रेकॉर्डर देऊ, की साधा रेकॉर्डर देऊन स्विच वेगळा लावू?" पीओई म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच कॅमेऱ्याला वीज देण्याची सोय, आणि स्विच म्हणजे अनेक वायरी एकत्र जोडणारी छोटी पेटी. भावात म्हणावा तसा फरक पडत नाही, त्यामुळे खिशाकडे बघूनही उत्तर मिळत नाही. मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. मखमलाबाद रोडच्या घरी पाठीमागे आठ पोर्ट असलेला एनव्हीआर, म्हणजे नेटवर्क कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, बसवला होता आणि अंबडच्या वर्कशॉपमध्ये साधा एनव्हीआर आणि वेगळा स्विच. माझा कल आता एका बाजूला आहे, पण दुसऱ्या बाजूचंही आधी नीट सांगतो, कारण ती बाजू कच्ची नाही.

पोर्टवाल्या रेकॉर्डरचं सुख पहिल्याच दिवशी कळतं. कॅमेऱ्याची वायर मागे खोचली की थोड्या वेळात चित्र दिसतं. कॅमेऱ्याला वीज रेकॉर्डर देतो, नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) रेकॉर्डर देतो, पासवर्डही बहुधा तोच टाकतो. राऊटरला हात लावावा लागत नाही. प्लग एकच, त्यामुळे यूपीएसला एकच गोष्ट जोडायची. शिवाय हे कॅमेरे घरच्या नेटवर्कवर येतच नाहीत. रेकॉर्डर त्यांना आपल्या स्वतंत्र मालिकेतले पत्ते देतो, काही कंपन्यांत १९२.१६८.२५४ ने सुरू होणारे, काहींत १०.१.१ ने. त्यामुळे कॅमेरा परस्पर इंटरनेटवर जात नाही आणि घरातला एखादा लॅपटॉप व्हायरसने बिघडला तरी त्याला कॅमेऱ्यापर्यंत सरळ वाट नसते. सुरक्षेच्या दृष्टीने हा मुद्दा खरोखर वजनदार आहे.

इंटरनेटवाला बदलला तेव्हा याचा फायदा मी डोळ्यांनी बघितला. घरी नवा राऊटर आला, घरच्या पत्त्यांची मालिका १९२.१६८.१ वरून १९२.१६८.२९ वर गेली आणि कॅमेऱ्यांना त्याची खबरही लागली नाही. वर्कशॉपमध्ये मात्र तोच बदल झाल्यावर रेकॉर्डरची यादी वरपासून खालपर्यंत लाल. तिथल्या कॅमेऱ्यांनी राऊटरकडून आपोआप पत्ते घेतलेले होते, नव्या राऊटरने नवे पत्ते वाटले आणि रेकॉर्डर जुन्याच पत्त्यांवर कॅमेरे शोधत बसला. अशा वेळी कॅमेऱ्यामागून कॅमेरा बदलत बसण्यापेक्षा नव्या राऊटरचीच मालिका बदलून जुन्यासारखी करून घ्यावी. शेवटी आम्ही तेच केलं आणि कॅमेऱ्यांना पत्ते कायमचे बांधून टाकले.

वायरिंगचा प्रश्न जागेवर अवलंबून आहे. पोर्टवाल्या रेकॉर्डरला प्रत्येक कॅमेऱ्याची वायर थेट त्याच्यापर्यंत आणावी लागते. गोविंदनगरच्या फ्लॅटमध्ये चार कॅमेऱ्यांसाठी याचं काहीच वाटणार नाही. बंगला, मागे बाग, फाटक लांब, अशा ठिकाणी मात्र वायरींचा जुडगा तयार होतो आणि तो जिथे येईल तिथेच रेकॉर्डर ठेवावा लागतो. आमच्याकडे तो टीव्हीखाली, सगळ्यांच्या नजरेसमोर होता. चोर आत शिरला तर आधी तोच उचलणार. स्विच असेल तर जुडगा जिन्याखाली संपतो आणि तिथून एकच वायर रेकॉर्डरपर्यंत जाते, मग रेकॉर्डर कुलपातल्या कपाटात ठेवा नाहीतर वरच्या खोलीत. लांबीची मर्यादा दोन्हीकडे सारखीच, १०० मीटर. त्यापुढच्या फाटकासाठी बऱ्याच स्विचवर एक छोटं बटण असतं, ते दाबलं की वेग १० एमबीपीएसवर येतो पण वायर २५० मीटरपर्यंत चालते. एका कॅमेऱ्याला तेवढा वेग पुरतो. वायर मात्र शुद्ध तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त कॅट सिक्स लांब अंतरावर वीज खाते आणि पुढे कॅमेरा कधी चालू, कधी बंद असा त्रास देते.

इथपर्यंत माझं पारडं समान होतं. निकाल लावला तो दिवाळीच्या तोंडावर घडलेल्या एका प्रकाराने.

घरचा रेकॉर्डर सुरू होताना लोगोवरच थांबायला लागला. लोगो, मग काळा पडदा, मग पुन्हा लोगो. वॉरंटीत होता म्हणून सर्व्हिस सेंटरला दिला आणि तो दाराबाहेर पडल्याबरोबर घराचे सगळे कॅमेरे बंद. कॅमेरे धडधाकट, वायरी धडधाकट, इंटरनेट चालू, पण वीज देणाराच गेलेला. आई दुपारी घरात एकटी असते. गुडघ्यांमुळे तिला उठबस जड जाते, म्हणून बेल वाजली की आधी टीव्हीवर फाटकावर कोण आहे ते बघायचं आणि मग उठायचं, ही तिची सवय. सणाच्या दिवसांत बेल सारखी वाजते आणि प्रत्येक वेळी ती भिंत धरत दारापर्यंत जाऊ लागली. दुरुस्ती कधी होणार याचं उत्तर रोज "पार्ट यायचाय."

मी एमजी रोडवरून एक पीओई स्विच आणला, सगळ्या वायरी त्यात खोचल्या आणि एक वायर राऊटरला दिली. अंधार पडल्यावर कॅमेऱ्यांचे बारीक लाल ठिपके दिसू लागले, म्हणजे वीज पोचली होती. पण मोबाईलच्या ॲपमध्ये एकही कॅमेरा सापडेना. मघाशी ज्याला फायदा म्हटलं तीच गोष्ट इथे आडवी आली. कॅमेऱ्यांचे पत्ते रेकॉर्डरच्या मालिकेतले, घरचा राऊटर दुसऱ्याच मालिकेत, दोघांची गाठ पडणार कशी? लॅपटॉपला हाताने त्या मालिकेतला पत्ता दिला, ब्राउझरमध्ये एकेका कॅमेऱ्याचं पान उघडलं, रेकॉर्डरचाच पासवर्ड तिथे चालला, आणि प्रत्येकाला घरच्या मालिकेतला नवा पत्ता दिला. शेवटचा कॅमेरा फाटकाचा. तो टॅबलेटवर दिसला तेव्हा आई म्हणाली, "आता हे असंच राहू दे." मीही ते तसंच ठेवलं.

वर्कशॉपमध्ये हार्ड डिस्क बदलायला रेकॉर्डर उघडला होता तेव्हा असं काहीच झालं नाही. कॅमेऱ्यांना वीज स्विचकडून मिळत होती, वायफायवर मोबाईलमध्ये चित्र दिसत होतं आणि ज्या कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड होतं त्यांचं रेकॉर्डिंगही आपापल्या कार्डात चालू होतं. चोवीस तास फिरणारी हार्ड डिस्क असलेली पेटी कधी ना कधी दुरुस्तीला जातेच, म्हणून या एका मुद्द्याला मी इतकं महत्त्व देतो.

विजेचाही मुद्दा त्याच अंगाने जातो. एप्रिल-मेच्या वळवात आपल्याकडे कडकडाट कसा होतो ते सांगायला नको. लोखंडी खांबावरच्या कॅमेऱ्याची लांब, उघड्यावरची वायर असेल तर झटका वायरीतून आत येतो. स्विच असेल तर स्विच जातो, नवा आणून लावला की काम सुरू. आमच्या शेजाऱ्यांच्या रेकॉर्डरची पोर्टांची अख्खी रांग गेली आणि रेकॉर्डरच दुरुस्तीला न्यावा लागला. चांगलं अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर दोन्ही पद्धतींत लावाच.

स्विचचीही निगराणी लागते, ते लपवत नाही. एक म्हणजे वॅटचं गणित. एका साध्या पीओई पोर्टवर जास्तीत जास्त १५.४ वॅट मिळतात, पण आठ पोर्ट आहेत म्हणून आठपट मिळतील असं नाही. अनेक छोटे स्विच एकूण ६० वॅटच्या आसपासच देतात आणि हा आकडा मागच्या लेबलवर बारीक अक्षरात असतो. दिवसा सगळं सुरळीत चालतं, संध्याकाळी इन्फ्रारेड दिवे लागले की मागणी वाढते आणि एखादा कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होत राहतो. रोज दिवेलागणीलाच कॅमेरा जात असेल तर आधी हे तपासा. दुसरं, स्विचचा अडॅप्टर वेगळा, तोही यूपीएसवर हवा, नाहीतर लाईट गेली की रेकॉर्डर जागा आणि कॅमेरे झोपलेले. तिसरं, कॅमेरे आता घरच्या नेटवर्कवर असतात. मी त्यांच्या सेटिंगमध्ये गेटवेची, म्हणजे बाहेर जायला वापरायच्या राऊटरच्या पत्त्याची, जागा रिकामी ठेवतो. रेकॉर्डरशी आणि घरातल्या मोबाईलशी ते बोलतात, पण बाहेर इंटरनेटवर जाऊ शकत नाहीत. बाहेरून बघायचं असेल तर रेकॉर्डरमार्फत.

बाहेरगावाहून मोबाईलवर बघण्यात दोन्ही पद्धतींत काही फरक नाही, कारण तिथे संबंध रेकॉर्डर आणि राऊटरचा असतो. आजकाल बऱ्याच फायबर जोडण्यांत सार्वजनिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता, मिळत नाही, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगच्या (राऊटरमधून बाहेरून आत वाट काढण्याच्या) मागे न लागता क्यूआर कोड स्कॅन करून ॲप जोडणं बरं.

मग घ्यायचं काय? फ्लॅट असेल, कॅमेरे चारच असतील आणि पत्ते-बित्ते यात पडायची इच्छा नसेल, तर पोर्टवाला रेकॉर्डर घ्या. त्यात काही चुकत नाही. घरात वयस्कर माणूस एकटं राहत असेल, आवार मोठं असेल किंवा दुकान-वर्कशॉप असेल, तर निदान माझ्या अनुभवावरून मी वेगळा स्विच सुचवेन. पंचवटीतला माझा एक मित्र २०२७ च्या सिंहस्थासाठी जुन्या वाड्यातल्या खोल्या तयार करतोय. त्यालाही हेच सांगितलं, मजल्यामागे एक छोटा स्विच आणि रेकॉर्डर आतल्या खोलीत, कारण त्या जाड भिंतींतून वायफाय कॅमेऱ्यांचा काही भरवसा नाही.

आणि पोर्टवाला रेकॉर्डर आधीच घेतला असेल तर तो विकायची गरज नाही. त्याच्या राऊटरला जोडायच्या लॅन पोर्टमार्फतही कॅमेरे घेता येतात. चॅनेलच्या सेटिंगमध्ये प्लग अँड प्ले ऐवजी मॅन्युअल निवडायचं, कॅमेऱ्याचा पत्ता आणि पासवर्ड टाकायचा. आमचा रेकॉर्डर दुरुस्त होऊन आल्यावर असाच जोडला आहे, मागचे आठही पोर्ट रिकामे. फक्त कॅमेरेवाल्याचे पैसे चुकते करण्याआधी त्याच्याकडून सगळ्या कॅमेऱ्यांचे पत्ते आणि पासवर्ड एका कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद रेकॉर्डरच्या कपाटात न ठेवता घरच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये ठेवा.