सुपरमार्केटातील लॉटरीचे मशीन: काही महिन्यांच्या वापरानंतर

न्यू जर्सीतील एडिसनमध्ये आम्ही ज्या सुपरमार्केटातून आठवड्याचा किराणा आणतो, तेथे बाहेर पडण्याच्या दाराशेजारी लॉटरीची तिकिटे देणारे मशीन आहे. ऑफिसातील नऊ जणांची पॉवरबॉल या अनेक राज्यांत चालणाऱ्या लॉटरीची वर्गणी माझ्याकडे जमा होत असल्यामुळे गेले काही महिने मी ते नियमितपणे वापरत आलो आहे. हे मशीन कसे चालते, याइतकेच त्यातून गोळा होणारा पैसा कुठे जातो, हेही लिहिण्याजोगे आहे असे मला वाटते.

यंत्र म्हणून ते चांगले आहे. काचेमागे स्क्रॅच तिकिटांचे क्रमांक घातलेले खण, त्याखाली टचस्क्रीन आणि उजवीकडे नोट सरकवण्याची फट अशी त्याची मांडणी आहे. कोपरा दुमडलेली नोट ते बाहेर ढकलते, पण सरळ करून दिली की घेते. जुन्या तिकिटाचा बारकोड स्कॅनरसमोर धरला की बक्षीस लागले आहे की नाही हे लगेच कळते, ५९९.५० डॉलरपर्यंतची रक्कम विक्रेत्याकडेच मिळू शकते. तिकीट घ्यायला १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, ही सूचना ठळक आहे, पण ती पाळली जाते की नाही हे काउंटरवरील कर्मचाऱ्याच्या नजरेवरच अवलंबून राहते, आणि गर्दीच्या वेळी ती नजर साहजिकच दुसरीकडे असते.

माझी खरी तक्रार सुट्या पैशांची आहे. आमच्या दुकानातील मशीन उरलेले पैसे परत देत नाही. नऊ जणांची दोन डॉलरची तिकिटे काढण्यासाठी वीस डॉलरची नोट घातली की पडद्यावर दोन डॉलर शिल्लक दिसत राहतात, आणि ते संपवायचे तर आणखी एक तिकीट घेण्यावाचून मार्ग नसतो. पॉवरबॉलचे पहिले बक्षीस लागण्याची शक्यता सुमारे २९ कोटी २२ लाखांत एक एवढी आहे. हे माहीत असूनही आपण मौज म्हणून वर्गणी काढतो ते वेगळे, आणि सुटे परत न देणारी फट आपल्याकडून दहावे तिकीट घेववते ते वेगळे.

याच मशीनपाशी एक वयस्कर गृहस्थ मला अनेकदा दिसतात. ते स्क्रॅच तिकिटे ट्रॉलीच्या दांड्यावर ठेवून नाण्याने खरवडतात, पाच-दहा डॉलर लागले तर ग्राहक सेवा काउंटरवरून रोख घेतात आणि तीच नोट पुन्हा मशीनमध्ये घालतात. त्यांच्याविषयी निष्कर्ष काढण्याचा मला अधिकार नाही. परंतु पूर्वी तिकीट विकणारा माणूस नेहमीच्या गिऱ्हाइकाला निदान ओळखत असे, ‘आज पुरे करा’ असे कधीतरी म्हणत असे. मशीनमुळे तो शेवटचा माणूसही मधून निघून गेला आहे. जुगाराच्या व्यसनासाठीच्या ‘१-८००-गॅम्बलर’ या मदत क्रमांकाची पट्टी मशीनवर आहे खरी, पण ती बाजूच्या पत्र्यावर, गुडघ्याच्या उंचीवर आहे. तिची जागा नोटेच्या फटीशेजारी असायला हवी.

आता पैशाविषयी. न्यू जर्सीच्या मतदारांनी नोव्हेंबर १९६९ मध्ये लॉटरीला मंजुरी दिली आणि डिसेंबर १९७० मध्ये पहिले तिकीट विकले गेले. (महाराष्ट्र राज्य लॉटरीही १९६९ चीच.) लॉटरीचे निव्वळ उत्पन्न राज्याच्या संस्था आणि शिक्षणाचे साहाय्य यांसाठीच वापरावे, असे येथील राज्यघटनेत नमूद आहे. त्यामुळे अनेक वर्षे या उत्पन्नाचा एक भाग राज्याच्या मनोरुग्णालयांकडे जात असे. मनोरुग्णांना चांगली वागणूक मिळावी म्हणून झटणाऱ्या समाजसुधारक डोरोथिया डिक्स यांच्या प्रयत्नांतून १८४८ मध्ये सुरू झालेले ट्रेन्टनचे मनोरुग्णालय याच राज्यातले. पुढे २०१७ मध्ये कायदा करून लॉटरी ३० वर्षांसाठी सरकारी निवृत्तिवेतन निधींना जोडण्यात आली आणि उत्पन्नाचा सर्वांत मोठा वाटा शिक्षकांच्या निधीकडे गेला. मनोरुग्णालये बंद पडली नाहीत, त्यांचा खर्च सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून होऊ लागला. शिक्षकांचे निवृत्तिवेतन सुरक्षित व्हावे याला माझा विरोध नाही. मात्र तिकीट घेणारा माणूस आणि मानसिक आरोग्याची सेवा यांच्यात जो थोडाफार थेट संबंध होता, तो त्या वर्षी तुटला.

तो संबंध पुन्हा जोडावा असे मला मनापासून वाटते, पण जुन्या पद्धतीने नव्हे. लॉटरीचे पैसे रुग्णालयाला दिले आणि तेवढीच रक्कम अंदाजपत्रकातून कमी केली, तर रुग्णाच्या पदरात काहीच जास्तीचे पडत नाही. विक्रेत्याचे कमिशन जसे निव्वळ उत्पन्न काढण्याआधीच वजा होते, तसाच मशीनवरील विक्रीचा एक ठरावीक हिस्सा आधीच बाजूला काढून तो जुगाराच्या व्यसनावरील उपचार आणि कुटुंबांचे समुपदेशन यांसाठी, चालू तरतुदीच्या वर, देण्याचे बंधन विधिमंडळाने घालावे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या निदानपुस्तिकेत जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या वर्गात घातला आहे. म्हणजे हे मशीन ज्या आजाराला हातभार लावू शकते, त्याच्या उपचाराचा खर्च मशीननेच उचलावा, इतकीच ही मागणी आहे. असा खर्च हा व्यवसायाचा चालू खर्च मानला, तर निवृत्तिवेतन निधीची मूळ व्यवस्थाही मोडावी लागणार नाही.

मशीन वापरू इच्छिणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच, की वर्गणी नोटेच्या रकमेशी जुळेल अशी ठरवावी. आमच्या गटात दहावा सभासद आल्यापासून पडद्यावर शिल्लक उरत नाही. एकट्याने तिकीट घ्यायचे असेल आणि जवळ मोठीच नोट असेल, तर सरळ काउंटरवर जावे. तेथे रांग असते, पण सुटे परत मिळतात.