रंगारी आधी बोलावला, तिथंच चुकलं

घर विकायचं ठरल्यावर मी पहिला फोन केला रंगाऱ्याला. घेणाऱ्याचा तपासनीस यायच्या आत घर चकाचक दिसावं, एवढाच विचार. बायको म्हणत होती, आधी आपणच कुणाकडून तरी तपासून घेऊ. ऐकतो कोण! रंग वाळल्यावर मग विक्रीपूर्व तपासणीची सेवा घेतली, तिचा हा अनुभव.

माणूस वेळेवर आला, जवळजवळ तीन तास होता. सोबत शिडी, थर्मल कॅमेरा, ओल मोजायचं दोन पिनांचं यंत्र. कोऱ्या भिंती बघून खूश होईल असं वाटलं होतं, तर तो आधी तिथंच थबकला. "रंग अलीकडेच दिलाय का?" बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर कॅमेऱ्यात खालून वर चढलेला निळा पट्टा दिसत होता. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, नुसतं गार-गरम कळतं, हे त्यानंच सांगितलं आणि खात्रीसाठी पिना टोचल्या. आकडा शेजारच्या कोरड्या भिंतीच्या दुपटीहून वर. मी मात्र नव्या रंगावर पडलेल्या त्या दोन बारीक भोकांकडेच बघत होतो.

मग बाथरूममध्ये त्यानं नाण्यानं टाइल्स वाजवल्या. शॉवरखालच्या चार पोकळ वाजल्या, सांध्यांतलं ग्राउट पार गेलेलं. पाणी बहुधा तिथूनच मुरत होतं. पाहुण्यांच्या बाथरूममधल्या वासावर मी महिनाभर सुगंधी फवारे मारतोय. तिथं वापर नसल्यामुळे जाळीखालच्या ट्रॅपमधलं, गटाराचा वास अडवून धरणारं पाणीच सुकलं होतं. बादलीभर पाणी ओतलं, संध्याकाळपर्यंत वास गेला. विजेच्या बोर्डातला आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा स्विच, मात्र गंभीर निघाला. 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडायची हीच त्याची नोकरी, आणि टेस्टचं बटण दाबलं तरी ढिम्म. ते बटण मी आजवर एकदाही दाबलेलं नव्हतं.

तक्रार अहवालाबद्दल आहे. 62 पानं, त्यातली निम्मी 'आमची जबाबदारी नाही' छापाची. गळका नळ आणि निकामी आरसीसीबी, दोन्हींना तोच लाल रंग. आधी काय दुरुस्त करायचं ते मला परत फोन करून विचारावं लागलं. शिडी पुरली नाही म्हणून छप्पर वरून पाहिलंच नाही, हे पान 51 वर. तिथं असताना तोंडानं सांगायला काय झालं होतं? माळ्याबद्दलही 'पाहता आला नाही' असा शेरा आहे, पण तो दोष माझा, सामान ठासलेलं होतं. तुम्ही बोलावणार असाल तर माळा आणि मीटरच्या बोर्डासमोरची जागा आदल्या दिवशीच मोकळी करा.

माणसाला पाचपैकी पाच, अहवालाला दोन.

आरसीसीबी बदलला, टाइल्स उखडून नव्यानं बसवल्या, भिंतीचा गिलावा काढून ती सुकत ठेवलीय. रंगाऱ्याला परत फोन केला तर तो म्हणाला, "कुठली भिंत? परवा केली तीच?"