आईचे 'खडे' श्रीखंडाच्या डब्यात वितळले

आईला जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि ती थेट पाठीत, खांद्यापर्यंत जायची. सोनोग्राफीत पित्ताशयात तीन खडे दिसले, सगळ्यात मोठा ११ मिलिमीटरचा. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकायला सांगितलं. बाबा हॉस्पिटलातच गेले, तेव्हापासून ऑपरेशनचं नाव काढलं तरी आईचे हात गार पडतात. त्याच आठवड्यात तिच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नौपाड्यातल्या एका शिबिराची जाहिरात आली: 'विनाऑपरेशन पित्ताचे खडे पाडा'.

शिबिर मोफत होतं, किट १४,५०० रुपयांचं. पैसे मी भरले. आईला मी अडवलं नाही, हे मनातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

सहा दिवस सफरचंदाचा रस. सातव्या संध्याकाळी एप्सम सॉल्टचं, म्हणजे जुलाब होणाऱ्या मिठाचं पाणी, आणि रात्री पाऊण ग्लास ऑलिव्ह तेल लिंबाच्या रसात घुसळून एका दमात प्यायचं, मग उजव्या कुशीवर पडून राहायचं. पहाटेपासून आईला जुलाब सुरू झाले. चाळणी धरायला सांगितली होती, तीही तिने धरली. चाळणीत चाळीसेक हिरवट गोळे निघाले, काही हरभऱ्याएवढे, काही सुपारीएवढे. आईने देवापुढे साखर ठेवली. शिबिरवाल्यांना फोटो पाठवला तर पाच मिनिटांत उत्तर: 'अभिनंदन माई! अजून बरेच आहेत, दुसरं किट लागेल.'

डॉक्टरांना दाखवायचे म्हणून तिने ते गोळे धुऊन श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवले होते. मे महिना. संध्याकाळी डबा उघडला तर तळाशी हिरवं तेल आणि त्यात अर्धवट विरघळलेले गोळे. एक चिमटीत धरला तर तो लोण्यासारखा पसरला. नळाखाली हात धरला, बोटांचा बुळबुळीतपणा जाईना.

तो साबणच होता. आपल्या पचनरसांत लायपेज असतं, ते तेल फोडून त्यातली फॅटी ॲसिड मोकळी करतं. लिंबाच्या रसातल्या पोटॅशियमशी त्यांची गाठ पडली की साबणाचे गोळे तयार होतात. २००५ साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी एका बाईंचे असेच 'खडे' तपासून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. ४० अंशांवर दहा मिनिटांत ते वितळले, आणि खरे खडे ज्याचे बनतात ते कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन (पित्तातलं रंगद्रव्य), कॅल्शियम त्यात काहीच सापडलं नाही. म्हणजे किट घेणाऱ्याचे 'खडे' पोटात जाणाऱ्या तेलातूनच बनतात. दुसरं किट घ्या, पुन्हा पडतील. पित्ताशयच नसलेल्या माणसालाही पडू शकतील.

खरं तर उत्तर आमच्या फाइलमध्येच होतं. त्याच सोनोग्राफीच्या कागदावर पित्तनलिकेची रुंदी ४ मिलिमीटर लिहिली होती. सुपारीएवढी वस्तू त्यातून सहज, न दुखता कशी उतरेल? पित्ताशय ही जेमतेम ३० ते ५० मिलिलिटरची पिशवी. त्यात असे चाळीस गोळे मावतील तरी का? मी कागद पाहिला होता, पण खड्यांच्या ओळीपुढे वाचलंच नाही.

पुढचं सांगताना हात थरथरतो. तिसऱ्या आठवड्यात आईचे डोळे पिवळे झाले, लघवी काळ्या चहासारखी, थंडी वाजून ताप. तिन्हींतला लहान खडा पित्तनलिकेत जाऊन अडकला होता. चरबी आतड्यात पोचली की पित्ताशय आकुंचन पावून पित्त सोडतं, त्याबरोबर लहान खडा सरकू शकतो. स्वादुपिंडाची नळीही तिथेच, त्याच तोंडाशी उघडते, त्यामुळे स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेततं. तेलामुळेच खडा सरकला असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत. पण खडे असलेल्या माणसाला एवढं तेल एकदम पाजायला नको होतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आधी एंडोस्कोपीने तो खडा काढला, चार दिवसांनी पित्ताशय.

किटचे पैसे परत मागितले तर 'ती देणगी होती' असं उत्तर आलं. पावती उघडून पाहिली, खरंच तसं छापलं होतं. यूपीआयवरचं नाव शिबिरातल्या माणसाचं नव्हतं, बाटल्यांवर बॅच नंबर नव्हता, आणि रजिस्ट्रेशन नंबर विचारल्यावर आमचा नंबर ब्लॉक झाला. घरात कुणाला खडे असतील तर पैसे द्यायच्या आधी एवढं तरी पाहा. पित्ताशयाचे खडे औषधाने बरे करण्याची जाहिरात करायलाच १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे, हे मला नंतर कळलं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवली आहे.

ऑपरेशननंतर पित्ताशयातले उरलेले दोन खडे डॉक्टरांनी एका छोट्या बाटलीत दिले. हलवली की काचेवर टकटक वाजतात. शेजारच्या काकूंनी पुढच्या शिबिरात नाव दिलंय असं कळल्यावर आई ती बाटली आणि तो श्रीखंडाचा डबा, दोन्ही घेऊन त्यांच्याकडे गेली आहे.