एकट्या पडलेल्यांसाठी एनएसएस: शिबिराला पैकीच्या पैकी, बाकी वर्षाला काठावर पास

होस्टेलवर राहून मेसमध्ये एकट्यानंच जेवणाऱ्या मुलाला ‘जरा लोकांत मिसळ’ असं सगळेच सांगतात. कुठे, ते कुणी सांगत नाही. १९६९ पासून चालू असलेली, कॉलेजातल्या मुलांना समाजसेवेला जोडणारी राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) त्यासाठी बरी आहे, पण सरसकट नाही.

हिशोब असा: दोन वर्षं, वर्षाला १२० तास काम आणि दोन वर्षांत एक सात दिवसांचं निवासी शिबिर. नाव एफवायलाच द्यावं, नंतर गट जमलेले असतात. तास भरताना कामं मात्र निवडून घ्यावीत. रॅलीत फलक धरून किंवा व्याख्यानाला मागच्या रांगेत बसून तास भरतात, ओळख होत नाही. त्यापेक्षा रक्तदानाच्या नोंदणीचं टेबल मागून घ्या. तिथे जोडीदाराशी बोलल्याशिवाय काम पुढेच सरकत नाही.

खरा माल शिबिरात. वनराई बंधारा, म्हणजे ओढ्याचं पाणी अडवायला पोत्यांचा कच्चा बांध, घालायचा असेल तर सिमेंटची रिकामी पोती मातीनं पाऊण भरायची, तोंड सुतळीनं शिवायचं. ठासून भरलेलं पोतं दबत नाही, मग फटींतून पाणी निसटतं. थर लावताना सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. पोती हातोहात पुढे सरकवायला साखळी लागते आणि तासन् तास डावीकडे एक, उजवीकडे एक अशी तीच दोन माणसं असतात. लाजाळू माणसाला याहून सोयीचं काही नाही: विषय शोधावा लागत नाही, नजर पोत्यावर ठेवली तरी चालते.

समित्या वाटताना भोजन समिती मागावी. पन्नास जणांना चार-पाच किलो पोहे लागतात. ते एकदम भिजवले की तळाशी लगदा होतो, म्हणून थोडेथोडे. पहाटे कांदा चिरणारे चौघे दुसऱ्या दिवसापासून एकमेकांना हक्कानं हाका मारतात.

फसतं कुठे? रूममेटला सोबत नेलं की सात दिवस त्याच्याच शेजारी बसणं होतं. आणि शिबिरानंतर व्हॉट्सॲप ग्रुप गार पडतो. आठवडा उलटायच्या आत त्यातल्या दोघांना कट्ट्यावर चहाला बोलवा. सगळ्या ग्रुपला बोलावलंत तर कुणीच येत नाही.

सगळी मदार कार्यक्रम अधिकाऱ्यावर, म्हणजे कॉलेजात एनएसएस सांभाळणाऱ्या प्राध्यापकावर असते. नाव देण्याआधी सीनियरांना एवढंच विचारा: मागच्या शिबिरात पोरं गावात मुक्कामी होती, की फोटो काढून संध्याकाळी घरी परतत होती?