फासे की गुण : पात्र घडवण्याच्या दोन रीती

धरमपेठेतील आमच्या रविवारच्या बैठकीत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या, प्रत्येकाने एकेक पात्र वठवत कल्पित साहसे रंगवण्याच्या खेळाची नवी मोहीम सुरू होताना, तर्री-पोह्यांच्या प्लेटा उचलण्याआधीच, पात्रे फाशांवर घडवायची की गुण खर्चून, हा वाद हमखास निघतो.

फाशांच्या रीतीत सहा बाजूंचे चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा वगळतात आणि उरलेल्या तिन्हींची बेरीज घेतात. असे सहा वेळा केले की ताकद, चपळाई, बुद्धी इत्यादी सहा क्षमता ठरतात. सरासरी १२ च्या किंचित वर येते. १८ पडण्याची शक्यता मात्र १२९६ मध्ये २१ एवढीच असते. गेल्या उन्हाळ्यात एकाला १७ आणि १६ मिळाले, तर शेजारच्याचा एकही आकडा १३ च्या वर गेला नाही. पुढे तो बिचारा कंदील धरण्यापुरताच उरला.

गुणांच्या रीतीत, २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनुसार, प्रत्येकाला २७ गुण मिळतात आणि प्रत्येक क्षमता ८ पासून सुरू होते. १३ पर्यंत प्रत्येक पायरीला एक गुण लागतो, पण १४ आणि १५ साठी दोन-दोन. त्यामुळे १५ गाठायला एकूण ९ गुण मोजावे लागतात. तीन क्षमता १५ वर नेल्या की गाठोडे रिकामे होते आणि उरलेल्या तीन ८ वरच राहतात. नशिबाबद्दलची कुरकुर येथे संपते खरी, परंतु सगळेच जादूगार एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसू लागतात, ही उणीव मला अधिक खटकते.

तरीही वर्षभराच्या मोहिमेसाठी मी गुणच निवडतो. एका दुपारच्या खेळाला फासे बरे.