शाळा कोणी चालवायची? पालक सभेचा रिव्ह्यू, पाचात अडीच स्टार

लोक हॉटेलचे रिव्ह्यू टाकतात, मोबाईलचे टाकतात, मी सरकारी शाळेच्या पालक सभेचा टाकतोय. चेष्टा नाही हं, ही पण सर्व्हिसच आहे की, आपल्याच टॅक्सवर चालते. गावाचं नाव घालत नाही, बेळगावच्या पश्चिमेकडचं डोंगराकडचं एक मराठी गाव समजा, शाळा सरकारी मराठी, पहिली ते सातवी. विषय असा होता की पट दरवर्षी खाली येतोय, तर शाळा आहे तशी ठेवायची, का लांबच्या मोठ्या केपीएसला जोडायची (म्हणजे ते कर्नाटक पब्लिक स्कूल, एलकेजी ते बारावी सगळं एका आवारात), का एखाद्या संस्थेच्या हातात द्यायची, पालकांचं काय मत.

आधी चांगलं सांगतो. विचारलं तरी. 1956 च्या आधी हा भाग मुंबई राज्यात होता तेव्हा शाळा जिल्हा स्कूल बोर्डाच्या, आमच्याकडची म्हातारी माणसं अजून बोर्डाची शाळाच म्हणतात, त्या काळी पालकाला कोण विचारत बसलंय, मास्तर म्हणतील ते. 2001 ला कर्नाटकनं एसडीएमसी आणली (म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समिती), मग 2009 चा आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा आला आणि त्यात लिहूनच ठेवलंय की शाळेच्या समितीत चारात तीन मेंबर पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा, आलेला पैसा कुठं गेला ते बघायचं, हे सगळं कायद्यात आहे. बऱ्याच पालकांना हे त्या दिवशीच पहिल्यांदा कळलं, त्याबद्दल मोठ्या बाईंना पूर्ण मार्क. बाईंनी एकेक प्रश्न शांतपणे घेतला, कुणावर आवाज चढवला नाही. उप्पीट पण गरम होतं.

आता वेळ. कामाच्या दिवशी सकाळी अकरा! निम्मे बाप उद्यमबागच्या फाउंड्रीत फर्स्ट शिफ्टला, मी हाफ डे टाकून आलो, बाकीच्यांना कोण सोडतंय. खरं त्यामुळं एक बरं झालं, आयाच जास्त आल्या आणि सभा त्यांनीच चालवली असं म्हटलं तरी चालेल. मागं बसलेल्या एक काकू उठल्या आणि सरळ म्हणाल्या, "काय सांगूलाय ओ सर, पावसाळ्यात नाल्यावर पाणी चढलं की पोरं पलीकडं जाणार कशी तेवढं सांगा, मग सही मागा." सगळी गप्प. तालुक्याहून आलेले सर म्हणाले बसची सोय होईल. आता शक्ती योजनेत बायकांना आणि पोरींना बस फुकट आहे हे मान्य, खरं बस आली पाहिजे की हो आधी. नियमात पहिली ते पाचवीच्या पोरांना 1 किलोमीटरच्या आत आणि पुढच्या वर्गांना 3 किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे असं आहे, आणि जुलैत आमच्याकडं जो पाऊस पडतो त्यात एक किलोमीटरसुद्धा लहान पोराला लांबच. हा नियम त्या सरांनी आपणहून सांगितला नाही, कुणीतरी मोबाईलवर काढून वाचून दाखवला तेव्हा "होय, तसं आहे" म्हणाले. एक स्टार इथं कापला.

मग माध्यमाचा विषय. तिकडं मराठीचे वर्ग राहणार काय? उत्तर, वरून कळेल. मला राग आला तो इथं. भाषिक अल्पसंख्याकांसाठी जुना ठराव आहे, 1949 पासूनचा, वर्गात 10 किंवा अख्ख्या शाळेत 40 पोरं असली तर त्यांच्या भाषेत शिकवायला शिक्षक द्यायचा. घटनेच्या 350अ कलमात पण प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय करा असं राज्यांना सांगितलंय. कन्नड पोरं शिकतातच, शिकायलाच पाहिजे, त्यावर सभेत एकाचंही दुमत नव्हतं, उलट कन्नडचा चांगला शिक्षक द्या अशीच मागणी झाली. पण शाळा जोडल्यावर मराठीचे वर्ग चालू राहतील का याचं उत्तर नसताना पालकांचं मत मागायचं म्हणजे साखरपुडा उरकून पोरीला मुलगा पसंत आहे का विचारल्यासारखं झालं.

संस्थेला द्या म्हणणारे पण होते. मराठा मंडळ, विश्वभारत सेवा समितीसारख्या संस्था हायस्कुलं चालवतात की, मग प्राथमिक का नको, असं एका मामांचं म्हणणं. ऐकायला बरं वाटतं. पण 2012 च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळेतल्या समितीला फक्त सल्ला द्यायचा अधिकार आहे, म्हणजे आज पालकांना जो काही थोडा हात आहे तोही जाणार. हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "आता तरी कुठं आमचं कोण ऐकतंय?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, बाईंकडंही नव्हतं. कुणी शाळा दत्तक घेईल म्हणाल तर भिंतीला रंग येतो, बेंच येतात, मास्तर येत नाही.

आणि खरी अडचण मास्तरचीच आहे. पहिली ते पाचवीत 60 पर्यंत पोरं असली तर कायद्याप्रमाणं शिक्षक दोनच. दोन माणसं, पाच वर्ग, त्यात जनगणना, इलेक्शन, ट्रेनिंग, दुधाचा आणि अंड्यांचा हिशोब. मग अतिथी शिक्षक येतात, ते मनापासून शिकवतात खरं पगार वेळेवर नाही म्हणून मध्येच सोडून जातात. हे बघून पालक पोरं काढतात, पट आणखी खाली येतो, आणि पट कमी म्हणून परत शाळा जोडायची भाषा. सुप्रीम कोर्टानं 2014 ला कर्नाटकच्याच केसमध्ये सांगितलंय की माध्यम कुठलं ते पालक ठरवणार, सरकार लादू शकत नाही, त्यामुळं इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या व्हॅनला दोष देऊन उपयोग नाही. सभेत मराठी शाळेवर जोरात भाषण केलेल्या दोघांची पोरं त्याच व्हॅनमधनं जातात, हे सगळ्या गावाला माहीत आहे, तोंडावर कोण बोलत नाही एवढंच. माझं म्हणणं असं की त्या व्हॅनवाल्या पालकांना पण नोटीस पाठवायला पाहिजे होती. पोरगं शाळेतनं का काढलं, काय मिळालं तर परत घालशील, हे तेच सांगू शकले असते. ज्यांची पोरं अजून शाळेत आहेत तेवढ्यांनाच बोलावलं, म्हणजे दुकान सोडून गेलेलं गिऱ्हाईक सोडून बाकी सगळ्यांना विचारलं.

कागदपत्रांचं तर विचारूच नका. ठराव आधीच टाइप करून आणलेला, कन्नडमध्ये. बाईंनी मराठीत समजावून सांगितला, नीट सांगितला, खरं कागद मराठीत का नाही? 15 टक्क्यांवर अल्पसंख्याक असलेल्या भागात सरकारी नोटिसा त्यांच्या भाषेत पण द्यायच्या हे केंद्रानं 1956 लाच मान्य केलंय, आणि आमच्या गावात तर मराठीच जास्त. वर हजेरीची सही आणि ठरावाची सही एकाच वहीत, पान उलटून. दोन-तीन आज्ज्या उप्पीट खाऊन हजेरी समजून सही करून मोकळ्या झाल्या होत्या, एसडीएमसीच्या एका वैनींनी ते बघितलं आणि वहीच हातात घेऊन बसल्या, आधी वाचा मग सह्या. त्यांच्यामुळं अर्धा स्टार परत वाढवला.

शेवटी ठराव झाला नाही. तीन मागण्या लिहून दिल्या, मराठीचे वर्ग राहणार का ते लेखी सांगा, पावसाळ्यात पोरं कशी जाणार ते लेखी सांगा, आणि पुढची सभा सुट्टीदिवशी लावा. सरांनी कागद घेतला, पोच द्यायला थोडे कुरकुरले, पण दिली. तुमच्या गावात अशी सभा लागली तर पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका आणि हजेरीची वही वेगळी मागा. आमच्या दुसऱ्या सभेची तारीख यायची आहे, नोटीस मराठीत आली तर अर्धा स्टार वाढवतो.